'फरक आढळला नाही' म्हणजे 'दोन्ही सारखंच' नव्हे

पीएचडीच्या पहिल्या वर्षी जर्नल क्लबमध्ये मी स्लाइड लावली होती : 'म्हाताऱ्या माणसांचा घोटा मोडला तर नेल आणि प्लेट, दोन्ही सारखंच.' सरांनी एकच विचारलं, "सारखंच आहे, हे पेपरात कुठे सिद्ध केलंय?" मी पी-व्हॅल्यूकडे बोट दाखवलं आणि तिथेच चुकले. तोच पेपर आज पुन्हा वाचूया.

एडिंबराच्या डॉक्टरांची ही रँडमाइज्ड ट्रायल २०१६ साली 'बोन अँड जॉइंट जर्नल'मध्ये आली. ६५ वर्षांवरचे १०० रुग्ण होते. काहींना नेहमीची पद्धत, म्हणजे मोठी चीर देऊन फिब्युलावर प्लेट आणि स्क्रू. बाकीच्यांना लहान छेदातून हाडाच्या पोकळीत नेल. उतारवयात घोट्यावरची कातडी पातळ होते, मोठी जखम लवकर भरत नाही. नेलमागचा विचार हाच. निकालही तसाच लागला. नेलच्या गटात जखमेचा संसर्ग बराच कमी होता (पी = ०.००२). वर्षानंतर घोट्याचं काम मोजणारा ओलेरुड-मोलांडर स्कोअर, १०० पैकी, नेलला ६३ आणि प्लेटला ६१ (पी = ०.६१).

संसर्गाचा निष्कर्ष मला पटतो. एक अट मात्र लक्षात ठेवा : नेलचं तंत्र याच युनिटने आधी बसवून छापलं होतं. हात सरावलेले होते. नवख्या सर्जनकडे हाच निकाल येईल, हे गृहीत धरू नका.

आता ०.६१. याचा अर्थ इतकाच, की खरा फरक नसता तरी एवढी तफावत योगायोगाने सहज दिसली असती. फरक नाहीच, असं तो आकडा सांगत नाही. १०० रुग्णांत मध्यम आकाराचा फरक निसटू शकतो.

सारखेपणा सिद्ध कसा करतात? त्याच वर्षी 'जामा'मध्ये आलेली ब्रिटनमधली 'एम' ट्रायल बघा. ६० वर्षांवरचे ६२० रुग्ण. ऑपरेशन विरुद्ध घट्ट बसवलेलं खास प्लास्टर. ६ गुणांपर्यंतचा फरक 'सारखाच' धरायचा, हे आधीच ठरलेलं. सहा महिन्यांनी फरक ०.६ गुणांचा, ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल उणे ३.९ ते २.६. सगळा इंटरव्हल मर्यादेच्या आत. इथे 'सारखं' म्हणायचा हक्क मिळतो.

तोही जपूनच वापरायचा. प्लास्टरच्या गटातल्या १९ टक्के लोकांना पुढे ऑपरेशन करावंच लागलं, आणि विश्लेषणात ते प्लास्टरच्याच गटात मोजले गेले. हाड वाकडं जुळण्याचं प्रमाण प्लास्टरमध्ये १५ टक्के, ऑपरेशनमध्ये ३. उलट संसर्ग किंवा जखम उघडणं ऑपरेशनमध्ये १० टक्के, प्लास्टरमध्ये १. म्हणजे सारखा होता तो स्कोअर. रुग्णाने मोजलेली किंमत वेगवेगळी होती.

तुमच्या प्रपोजलमध्ये दोन उपचारांची तुलना असेल, तर 'सारखं' म्हणजे किती गुणांच्या आत, हे पहिला रुग्ण घेण्याआधी लिहून ठेवा. सॅम्पल साइझ त्यावरूनच ठरते. माझ्या प्रपोजलमध्ये ते वाक्य नव्हतं; सरांच्या त्या प्रश्नानंतर ते लिहिलं, आणि रुग्णांचा आकडा सगळा नव्याने काढावा लागला.