घरच्या पडद्यावरील जिजाई

एकाच आठवड्यात दोन जुने बोलपट घरबसल्या पाहण्याचा योग आम्हांस नुकताच आला. एक प्रभात फिल्म कंपनीचा १९३६ सालचा ‘संत तुकाराम’; दुसरा यासुजिरो ओझु ह्या जपानी दिग्दर्शकाचा १९५३ सालचा ‘टोकियो स्टोरी’. दोन्हींच्या तबकड्या हाती आल्या होत्या आणि दोन्ही राहात्यास आमच्या माजघरात, एकाच पडद्यावर, बहुतेक त्याच मंडळींनी पाहिले. पहिला आमच्या घरातील वडील माणसांस तोंडपाठ. दुसऱ्याचे नावही कोणास ठाऊक नव्हते. आमची अटकळ मात्र साफ चुकली. जपानी चित्रपट संपेपर्यंत कोणी जागचे हलले नाही. ‘संत तुकारामा’च्या पहिल्या अर्ध्या तासातच तरुण मंडळी एकेक करून उठून गेली. ह्याचे खापर तरुणांच्या अभिरुचीवर फोडणे सोपे आहे, आणि आमच्या वयाच्या माणसांस तो उद्योग प्रियही असतो. परंतु ह्या खेपेस दोष त्यांचा नव्हता.

‘संत तुकाराम’ आम्ही प्रथम पाहिला तो लहानपणी, यात्रेतील तंबूत. विष्णुपंत पागनीस पडद्यावर दिसताच शेजारच्या म्हाताऱ्यांचे हात जोडले गेल्याचे आम्हांस अद्याप आठवते. शिर्डी येथून दीडएक कोसावर. चमत्कारांच्या गोष्टी ऐकतच आमचे बालपण गेलेले. त्यामुळे गरुडाचे विमान वैकुंठास निघाले तेव्हा तंबूत कोणासही नवल वाटले नाही. वाटली ती धन्यता. त्या गर्दीत जिजाई होती ती केवळ हशा पिकविण्यापुरती. कजाग बायको, संताच्या वाटेतील धोंड, एवढीच तिची ओळख घेऊन आम्ही घरी परतलो होतो.

घरच्या पडद्यावर हे पारडे फिरते. गर्दी नाही, जोडलेले हात नाहीत, आणि विमानाचा देखावा लहान चौकटीत फिका पडतो. पागनिसांचे गायन तेवढेच गोड राहते. मूळचे ते रंगभूमीवरील गायक नट, स्त्रीभूमिका केलेले. त्यांच्या मुद्रेवरील मार्दव बहुधा तेथूनच आले असावे. पण डोळे वारंवार वळतात ते गौरी ह्या नटीने उभ्या केलेल्या जिजाईकडे. तिला म्हशीचे वेड आहे, मुलांच्या पोटाची काळजी आहे, आणि जिभेला धार आहे. डोंगरावर भजनात रमलेल्या नवऱ्यासाठी ती भाकरी घेऊन चढते. तोंडाने बोल लावते आणि हाताने वाढते. मुलगा आजारी पडला की ती विठोबाच्या देवळात शिरते आणि पायतण हाती घेऊन देवासच जाब विचारते. तंबूत ह्या प्रसंगी हास्याचा कल्लोळ झाला होता. आमच्या माजघरात कोणी हसले नाही. दुखण्याच्या रात्री मूल मांडीवर घेऊन बसलेली बाई ज्याने घरात पाहिली आहे, त्याला तेथे हसू येत नाही.

दामले व फत्तेलाल ह्या दिग्दर्शकद्वयाचे मोठेपण आम्हांस येथे वाटते. शिवराम वाशीकरांच्या पटकथेत खरा खलपुरुष आहे तो सालोमालो. आरंभीच तुकोबांची रचना आपल्या नावावर खपविणारा. जिजाईला त्या पंक्तीस कोठेही बसविलेले नाही. शिवाजीमहाराजांचा नजराणा तुकोबा परत पाठवितात तेव्हा त्यांचा वैराग्यभाव खरा असतो, आणि डोळ्यांदेखत निघून चाललेल्या त्या संपत्तीकडे पाहणाऱ्या जिजाईचे दुःखही तितकेच खरे असते. दोघांपैकी कोणाचेही माप चित्रपट उणे करीत नाही. भक्तिपटांच्या पुढील परंपरेत ही समबुद्धी फार थोड्यांस साधली. शांताराम आठवल्यांनी ह्या चित्रपटासाठी लिहिलेले एक पद लोकांनी तुकोबांचा अभंग म्हणून स्वीकारले, ह्याचे कौतुक नेहमी होते, आणि केशवराव भोळ्यांच्या संगीताचेही. गौरीच्या कामाची स्तुती मात्र ‘ठसकेबाज’ ह्या एका विशेषणात उरकली जाते.

‘टोकियो स्टोरी’ने आमची ही समजूत अधिक पक्की केली. ओनोमिची गावचे वृद्ध जोडपे टोकियोतील मुलांस भेटावयास जाते. मुलगा डॉक्टर, मुलगी केशभूषेचे दुकान चालविणारी. दोघांसही सवड नाही, आणि आईबापांची खरी विचारपूस करते ती विधवा सून. पुण्यामुंबईस मुले असलेल्या कोणत्याही राहातेकराला ही कथा निराळी सांगावी लागत नाही. ओझुचा कॅमेरा चटईवर बसलेल्या माणसाच्या उंचीवरून पाहतो. जमिनीवर पाट मांडून जेवलेल्या आमच्यासारख्यांना ती उंची परकी नाही. परंतु ओझुची माता मनातले दुःख हसून गिळते. जिजाई गिळत नाही; ती भांडते, आणि भांडूनही पुन्हा चुलीशी बसते. ओझुच्या चित्रपटात जे कधीच बोलले जात नाही ते येथे चव्हाट्यावर येते, आणि ह्या एका बाबतीत आम्ही झुकते माप आमच्या बोलपटाला देऊ.

मग तरुण मंडळी उठून का गेली? तबकडीमुळे. आमच्या हाती आलेल्या ‘संत तुकारामा’च्या प्रतीत चेहऱ्यांवर पांढुरका धुरळा पसरला आहे, अभंग चालू असता ध्वनी मध्येच खरखरतो, आणि कोपऱ्यात विक्रेत्याची मुद्रा सतत लुकलुकते. सोबत माहितीचा एक कागदही नाही. गौरीचा सारा अभिनय डोळ्यांच्या कडेत आणि ओठांच्या मुरडीत आहे. तेथेच धुरळा असेल तर कजाग बाईचा आवाज तेवढा उरतो, आणि आवाजाला कंटाळून मुले उठतात. ‘टोकियो स्टोरी’ची मूळ निगेटिव्ह आगीत नष्ट झाली, हे ध्यानात घेतल्यास ही तुलना अधिकच बोचते. उरलेल्या प्रतींवरून तो चित्रपट सावरला गेला. अमेरिकेतील क्रायटेरियन ह्या संस्थेने २००३ साली त्याची तबकडी काढली, तीत अभ्यासकाचे विवेचन आणि ओझुच्या आयुष्यावरील माहितीपट जोडला. त्याच वर्षाच्या जानेवारीत पुण्यास, जेथे एकेकाळी प्रभातचा स्टुडिओ होता त्याच आवारात, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फितींना आग लागून कित्येक चित्रपटांची रिळे जळाली. आग दोन्हीकडे लागली. मागे उरलेल्याची निगा मात्र दोन्हीकडे सारखी झाली नाही. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेलेला आणि मुंबईच्या सेंट्रल सिनेमात वर्षाहून अधिक काळ चाललेला हा बोलपट धुरळ्यासह घरोघर पोहोचावा, ही गोष्ट आम्हांस लाजिरवाणी वाटते. चांगली प्रत काढण्यास खर्च येतो, हे मान्य. पण निदान एक पुस्तिका छापण्यास कोणाची हरकत होती?

शेवटपर्यंत बसून राहिली ती आमची एक भाची. विमान वर गेले, जिजाई खाली राहिली, आणि तिने विचारले, “मामा, हिचे पुढे काय झाले?” चित्रपटात उत्तर नाही, तबकडीसोबतही नाही. आम्ही तिला परंपरा सांगते तेवढे सांगितले : तुकोबांच्या प्रयाणाच्या वेळी जिजाई गरोदर होती, मागाहून तिला मुलगा झाला, आणि त्याच नारायणबाबांनी १६८५ साली तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवून ती पंढरीस नेण्याचा प्रघात पाडला. भाचीने तबकडी मागे फिरवून देवळातील तो प्रसंग पुन्हा लावला.