सोळा वर्षांचा धूर : एक रसग्रहण

मद्याविषयी या पृष्ठांत लिहावे की नाही, याचा विचार आम्ही बराच काळ केला. ज्या घरांची चूल दारूने विझवली, अशा घरांच्या ओटीवर आम्ही अनेकदा बसलो आहोत. त्यामुळे हा विषय थट्टेवारी नेणे आम्हांस शक्य नाही. तथापि एखाद्या पदार्थाचा आस्वाद घेणे आणि त्याच्या आहारी जाणे यांतील अंतर स्पष्ट करणे हेही समीक्षेचेच काम आहे. परदेशी नोकरी करणाऱ्या एका स्नेह्याने लागावूलिन या स्कॉच व्हिस्कीच्या दोन बाटल्या, एक आठ वर्षांची व दुसरी सोळा वर्षांची, आमच्यापुढे ठेवल्या. जुने ते चांगलेच असते काय, या प्रश्नाची परीक्षा घेण्याची संधी आम्ही दवडली नाही.

स्कॉटलंडच्या पश्चिमेस आइला नावाचे बेट आहे. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर, डुनीवेग किल्ल्याच्या भग्नावशेषांसमोर, लागावूलिनची भट्टी १८१६ सालापासून उभी आहे. नावाचा गेलिक अर्थ ‘गिरणीची खोलगट जागा’ असा होतो. सिंगल माल्ट म्हणजे एकाच भट्टीत, केवळ मोड आणलेल्या जवापासून, तांब्याच्या पात्रांत ऊर्ध्वपातित केलेली व्हिस्की. २००९ च्या ब्रिटिश नियमांनुसार ती किमान तीन वर्षे ओकच्या पिंपात, स्कॉटलंडमध्येच मुरली पाहिजे. बाटलीवरील वय हे तीत मिसळलेल्या सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचे असते.

आइलाची खूण म्हणजे पीट. दलदलीत शतकानुशतके साचलेल्या, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा हा थर वाळवून जाळतात आणि त्याच्या धुरावर मोडाचे जव सुकवतात. हा धूर पुढे प्रत्येक टप्प्यातून जिवंत राहतो. आपल्या नाकाला परिचित असलेला लाकडाचा किंवा गोवऱ्यांचा धूर निराळा. पीटच्या धुरात ओलसर माती, डांबर आणि टिंक्चर आयोडीन यांचा वास असतो.

तुलना न्याय्य व्हावी म्हणून एक दक्षता घ्यावी लागली. आठ वर्षांच्या बाटलीत मद्यार्क ४८ टक्के, तर सोळा वर्षांच्या बाटलीत ४३ टक्के असतो. म्हणून पहिलीच्या ३० मि.लि.मध्ये आम्ही साधारण साडेतीन मि.लि. पाणी घातले. पाणी घातल्याने चव बिघडते, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे की, २०१७ साली स्वीडनमधील दोन संशोधकांनी संगणकीय प्रतिकृतींच्या आधारे दाखविले आहे की मद्यार्क ४५ टक्क्यांपर्यंत असता ग्वायकॉल हा धुराचा गंध देणारा घटक द्रवाच्या पृष्ठभागाजवळ राहण्याचा संभव अधिक असतो. म्हणजे नाकाला तो अधिक सापडतो.

आठ वर्षांची व्हिस्की फिकट आहे. तिचा गंध थेट अंगावर येतो: राख, लिंबाची साल, समुद्राचे शेवाळ. जिभेवर ती तिखट लागते, मग क्षणभर गोड, आणि शेवटी पुन्हा राख. तिला सांगायचे ते ती मोठ्याने सांगते. आडपडदा ठेवत नाही. १८८० च्या दशकात आल्फ्रेड बर्नार्ड हा लेखक ब्रिटनमधील भट्ट्यांची पाहणी करीत हिंडला, तेव्हा येथे त्याने आठ वर्षांचीच व्हिस्की चाखली होती. २०१६ मध्ये भट्टीच्या द्विशताब्दीनिमित्त ही बाटली निघाली ती त्याच स्मरणार्थ.

सोळा वर्षांची व्हिस्की प्रथम काहीच बोलत नाही असे वाटते. पेला पाच-दहा मिनिटे तसाच ठेवला की मनुका, कडक काळा चहा आणि जुन्या लाकडी पेटीचा वास उमटतो. धूर त्यांच्यामागे उभा असतो. घोट घेतल्यावर आधी गोडवा, मग मीठ, मग धूर, असा क्रम लागतो, आणि तो धूर घोट गिळल्यानंतरही बराच वेळ तोंडात रेंगाळतो. कालौघात पीटची धार बोथट होते आणि ओक आपला रस देतो. आठ वर्षांत जे घटक एकमेकांशी भांडत होते, ते सोळा वर्षांत एका पंगतीला बसतात. रचना म्हणून ही कृती श्रेष्ठ आहे, हे आम्ही निःसंकोच सांगतो.

परंतु दोन आक्षेप नोंदविलेच पाहिजेत. पहिला रंगाविषयी. कायद्याने साध्या कॅरॅमलचा रंग मिसळण्यास मुभा आहे आणि या सोळा वर्षांच्या बाटलीत तो मिसळलेला असतो. गडद सोनेरी रंग पाहून वयाची साक्ष मिळाली असे मानणाऱ्या ग्राहकाची त्यात दिशाभूल होते. एवढ्या गुणी कृतीला या प्रसाधनाची गरज नव्हती. दुसरा आक्षेप असा की, वयाने समतोल दिला तसा काही स्पष्टवक्तेपणा हिरावूनही घेतला. लिंबाची ती ताजी धार सोळा वर्षांत उरत नाही. वय हा गुण नव्हे. ती एक देवाणघेवाण आहे.

या देवाणघेवाणीत आणखी एक वाटेकरी असतो. पिंपातून दरवर्षी सुमारे दोन टक्के द्रव हवेत विरतो. त्याला ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. सोळा वर्षांत चतुर्थांशाहून अधिक द्रव असा जातो. स्कॉटलंडच्या राजकोषाच्या १४९४ च्या नोंदीत बंधू जॉन कॉर या मठवासीयास ‘जीवनजल’ गाळण्यासाठी आठ बोल माल्ट दिल्याचा उल्लेख आहे. जीवनजल हे नाव मोठे आहे. ते सार्थ ठरते की नाही, हे पिणाऱ्याच्या मापावर ठरते.

म्हणून शेवटी मापाविषयी. आमच्या अनुभवाने पहिल्या मापात जे गंध वेगवेगळे ओळखता आले, ते दुसऱ्या मापात एकमेकांत मिसळले. तिसरे आम्ही ओतलेच नाही. मद्य स्वतःच्या परीक्षकाला बधिर करते, हा या कलाकृतीचा मूलभूत दोष आहे आणि कितीही वर्षे मुरवल्याने तो जात नाही. मनुका, मीठ, धूर ही आस्वादकाची शब्दावली पुष्कळदा हव्यासाला अंगरखा म्हणून वापरली जाते. तो अंगरखा ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे: बाटलीला बूच लावून उठता आले, तरच तुम्ही आस्वाद घेत होता. ज्यांना ते साधत नाही, त्यांनी आमचे हे रसग्रहण वाचून थांबावे. त्यांच्या घरच्या मंडळींचे त्यात अधिक हित आहे.