रक्ताची भाषा

'रक्तातच असावं लागतं राव!' हे वाक्य मी शिरूरच्या तालमीत ऐकलंय. दौंडला राखीव पोलीस दलाच्या भरतीत पोरं ५ किलोमीटर धावतात, तिथं काठावर उभे राहणारे हेच बोलतात. आता हे वाक्य आपल्या कवितेतही शिरलंय. म्हणून त्याची झडती घेणं भाग आहे. मी गिरणीतला माणूस, पाळी सुटल्यावर वाचून जेवढं कळलं तेवढं मांडतो.

माणसामाणसांत जनुकांचा फरक असतो, हे नाकारून चालायचं नाही. फिनलंडचा मॅन्टिरांटा बर्फावरच्या शर्यतीत ऑलिम्पिकची ७ पदकं घेऊन गेला. जन्मजात फरकामुळं त्याच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या तांबड्या पेशी जास्त होत्या. असा एखादा असतो. पण लाखात एक.

बाकीच्यांचं काय? वेगानं आखडणाऱ्या स्नायूंत अल्फा-ॲक्टिनिन-३ नावाचं प्रथिन असतं. जगात पाच-सहा माणसांमागं एकाच्या अंगात ते तयारच होत नाही. २००३ साली ऑस्ट्रेलियातले अव्वल खेळाडू तपासले, तर कमी पल्ल्याच्या धावपटूंत असे लोक फार थोडे निघाले. झालं, 'वेगाचं जनुक' म्हणून बोंब उठली! पण स्पेनचा एक लांब उडीवाला हे प्रथिन नसताना दोनदा ऑलिम्पिकला जाऊन आला. आणि ज्या चार-पाच जणांत ते आहे, ते सगळे कुठं धावतायत? अर्धे माझ्यासंगं साच्यावर उभे आहेत.

आता पळवणकर बाळूचं बघा. जातीनं चांभार, पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदानाच्या कामाला. साहेबाला सराव पाहिजे म्हणून हातात चेंडू आला. १९११ ला इंग्लंडात ११४ बळी घेतले. तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला दिलं नाही. ते १९२३ ला धाकट्या विठ्ठलला मिळालं. चौघं भाऊ मोठे क्रिकेटपटू, म्हणून कुणी म्हणेल, रक्त! अरे, चौघांचं रक्त एक, तसं घरही एक, नि घरात आलेला चेंडूही एकच.

आणि आपल्या शिरूरचंच घ्या. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री इथल्या छावणीतून पलटण निघाली, रातोरात चालून सकाळी कोरेगावला भिडली. तिच्यात महार शिपाई होते. पुढं १८९२ ला त्याच इंग्रजानं 'लढाऊ जाती'चं शास्त्र काढून महारांची भरती बंद केली. १९४१ ला महायुद्धात माणसं कमी पडली, तेव्हा महार रेजिमेंट उभी केली. एवढ्या वर्षांत रक्त दोनदा बदललं काय? बदलला तो सरकारी कागद.

म्हणून माझी तक्रार आपल्याच कवींवर आहे. कोरेगाव आमच्या रक्तात आहे, असं आपण लिहितो तेव्हा दौत १८९२ च्या साहेबाचीच वापरतो. ज्या शब्दानं आपल्याला वेशीबाहेर ठेवलं, तोच आपण छातीवर मिरवतो. लिहायचंच तर त्या रात्री चाललेल्या पायांवर लिहा. दौंडच्या मैदानात मागं पडलेल्या पोराचं रक्त तपासू नका. तो सकाळी काय खाऊन आला ते आधी विचारा.