मृतांची ओळख : बाळापूर ते पानिपत

बाळापूर म्हटले की वऱ्हाडी वाचकास मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरचा किल्ला आठवतो, मिर्झाराजा जयसिंगाच्या नावाची छत्री आठवते. १७२० च्या पावसाळ्यात याच मुलखात झालेली लढाई मात्र क्वचितच कोणास आठवते. एका बाजूस निजाम-उल-मुल्क, दुसऱ्या बाजूस सय्यद बंधूंचा कोवळा पुतण्या आलमअली खान आणि त्याच्या साह्यास शाहू महाराजांची फौज. आलमअली पडला, निजामाची दक्षिणेतील सत्ता पक्की झाली.

या लढाईचा वृत्तान्त खाफीखानाने लिहिला आहे. तो निजामाच्या पक्षाचा. तरीही पडत्या शत्रूविषयी लिहिताना त्याची लेखणी आदराने वाकते. भाता रिकामा झाल्यावर आलमअली अंगात रुतलेले बाण उपसून तेच परत सोडीत होता, असे तो सांगतो. हे औदार्य आम्हांस मोलाचे वाटते. परंतु ते हत्तीवर बसलेल्याच्या वाट्यास येते. काळ्या मातीच्या चिखलात जे पायदळ पडले, त्यांच्याविषयी या वृत्तान्तात आम्हांस काही गवसत नाही.

म्हणूनच चाळीस वर्षांनंतरच्या पानिपतावरील काशीराज पंडिताचा फारसी वृत्तान्त आम्ही पुनःपुन्हा वाचतो. काशीराज जन्माने दक्षिणी, चाकरी अवधच्या शुजाउद्दौल्याची. तो वीर नव्हता, कारकून होता. युद्ध संपल्यावर प्रेतांमधून हिंडून आपली माणसे ओळखण्याचे काम त्याच्याकडे आले. ढिगांची संख्या तो बत्तीस देतो आणि प्रेतांची अठ्ठावीस हजार. १७८० च्या सुमारास, आठवणीतून लिहिलेल्या या आकड्यांवर इतिहाससंशोधकांनी वाद घालावा. आम्हांस त्याच्या नजरेशी कर्तव्य आहे.

त्या नजरेने टिपलेले दोन प्रसंग आमचा पाठलाग सोडीत नाहीत. विश्वासरावाचे कलेवर अब्दालीच्या छावणीत आणले तेव्हा लोक ते पाहण्यास लोटले आणि त्या मुखाचे सौंदर्य पाहून थक्क झाले. त्याच छावणीतील दुराणी शिपायांनी ओरडा केला, की हे शरीर वाळवून, पेंढा भरून काबूलला न्यावयाचे! कौतुक आणि विटंबना यांत एका दिवसाचेही अंतर नव्हते. आम्हांस वाटते, दोहोंचे मूळ एकच : समोरचा देह कोणाचा तरी पुत्र आहे, हे विसरून त्याची वस्तू करणे.

दुसरा प्रसंग अधिक भयंकर आहे. दुसऱ्या दिवशी छावणीबाहेर बंदिवानांची कत्तल करताना शिपाई सांगत होते, की आई, बाप, बहीण, पत्नी यांनी निघताना आपापल्या नावाने इतके इतके मारण्यास सांगितले आहे, म्हणजे त्यांनाही पुण्य लाभेल. युद्धात नीती नष्ट होते, असे आपण सहज म्हणून जातो. काशीराज निराळेच दाखवतो. येथे घरची माया, आज्ञापालन, धर्मबुद्धी सारे शाबूत आहे. तलवारीला धार त्यांनीच दिली आहे. हे परधर्मीयांचे पाप म्हणून बाजूस सारणाऱ्या आमच्या वाचकांनी १०९९ चे येरुशलेम आठवावे. आणि पानिपतावर प्रेतांसाठी भांडला, हजारो पळालेल्यांना आश्रय दिला, तोही मुसलमान शुजाच होता, हे काशीराजानेच नोंदले आहे. धन्याची बाजू घेण्यात त्याचा थोडा स्वार्थ असेल, असो.

वृत्तान्ताचा कळस आम्हांस लढाईत नव्हे, भाऊसाहेबांचा देह शोधण्यात दिसतो. शिर नसलेला देह, अंगावरील जुन्या जखमेची खूण, ओळखणाऱ्यांचे अश्रू, मग अग्निसंस्कार. येथे काशीराज अलंकार वापरीत नाही, पंचनाम्यासारखे लिहितो. महाभारताच्या स्त्रीपर्वात अनाथ प्रेतांनाही अग्नी देण्याची आज्ञा युधिष्ठिर करतो; तोबीत आपल्या शास्त्रात रस्त्यावरची प्रेते उचलून पुरतो. या दोघांजवळ काशीराजाला बसविण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. आमच्या ऐतिहासिक कादंबरीकारांनी त्याच्याकडून शौर्याचा तपशील भरपूर घेतला. प्रेते ओळखण्याचा संयम फारसा कोणी घेतला नाही.

काशीराजाने जे पाहिले ते पुण्याने पाहिले नव्हते. तेथे पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारले नाही. पुढे भाऊंचा तोतया उभा राहिला, लोक त्याच्यामागे गेले, आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झाले.