झिंझोटीची पट्टी कोणती?

अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी रागातली ‘पिया बिन’ ही ठुमरी तबकडीवर ऐकून गदगचे शाळकरी भीमसेन जोशी गुरूच्या शोधात घराबाहेर पडले. ही कथा ठाऊक नसलेला पुणेकर सवाई गंधर्व महोत्सवाला फक्त खाण्याच्या स्टॉलसाठी जात असावा. खाँसाहेबांनी 1913 साली पुण्यातच आर्य संगीत विद्यालय काढलं. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य आणि भीमसेनजी सवाई गंधर्वांचे, म्हणजे या ठुमरीची शहराशी सोयरीक जुनीच.

आता ती फुकटात मोबाइलवर उतरवता येते. तबकडी हवी असेल तर बुधवारी किंवा रविवारी जुना बाजार पालथा घालायचा, आणि नशिबात असली तर मिळायची. एवढा खटाटोप कशाला?

आधी गाणं ऐकू. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. मैफलीत याच्या दसपट वेळ खाँसाहेब नुसते सुरात बुडून राहिले असते. झिंझोटीचा जीव मंद्र धैवताकडून षड्जाकडे येणाऱ्या वाटेवर असतो. त्यांचा बारीक, उंच, किंचित अनुनासिक आवाज त्या वाटेने घाईने जात नाही. सूर खालून अलगद सरकत येतो आणि जागेवर पोचल्यावरही थोडा थरथरत राहतो. विनवणी आहे, पण रडारड नाही. घड्याळ डोक्यावर असताना इतकं सावकाश गाणं, हीच मला यातली सगळ्यात मोठी करामत वाटते.

हा सावकाशपणा खाँसाहेबांचा किती आणि यंत्राचा किती? तबकडी मिनिटाला 78 फेरे घेते असं आपण धरून चालतो. पण त्या काळात ध्वनिमुद्रणाचं यंत्र नेमकं तेवढंच फिरलं असेल याची खात्री नसे. वाजवताना वेग मूळ वेगापेक्षा सुमारे 6 टक्के वाढला की षड्ज अर्ध्या स्वराने चढतो, मिंड आखडते, थरथर उतावीळ होते. डाउनलोड केलेल्या दोन प्रती पेटीशी ताडून पाहा, पट्टी जुळेलच असं नाही. कोणीतरी कुठेतरी एक वेग ठरवला आणि तो फाइलमध्ये कायमचा बसला. वर खरखर काढण्याच्या उत्साहात तंबोऱ्याची आसही पुसलेली असते. श्वास तर बहुधा गेलेलाच. इतकी स्वच्छ प्रत मला परीटघडीच्या कपड्यासारखी वाटते, अंगाचा वास गेलेली.

पोलादी सुई दर खेपेला खाचा थोड्या थोड्या झिजवते, म्हणून रोजच्या ऐकण्याला फाइलच बरी, हेही मान्य. स्वयंपाक करता करता चावी कोण देत बसणार! पण जुन्या ग्रामोफोनला वेग कमी-जास्त करायची दांडी असते, आणि माझं मन तबकडीकडे झुकतं ते त्या दांडीमुळे. ती हळूहळू मागे ओढत न्यायची. एका ठिकाणी आवाजातला चिरकेपणा जातो, तबल्याचा बायाँ भरदार होतो आणि झिंझोटी ऐसपैस बसते. माझ्या कानाला ती जागा बाजारात फिरणाऱ्या बहुतेक फाइलींपेक्षा किंचित खाली सापडते. ज्यांचा कान माझ्याहून तयार आहे, त्यांनी आणखी खाली जाऊन पाहावं.