चौकटीबाहेरचं देवनार

आज आपण पक्ष्यांच्या छायाचित्रांवर बोलणार आहोत. कॅमेरा कोणता घ्यावा हे नंतर विचारलंत तरी चालेल, पण आमचा विषय तो नाही. आमचा विषय आहे एका विशिष्ट प्रकारचं चित्र, आणि ते तुम्ही नक्की पाहिलेलं असणार. ठाण्याच्या खाडीतला एक रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. मान वळवलेली, चोच पाण्यात, गुलाबी पंखांवर सकाळचं ऊन, आणि मागे सगळं गुळगुळीत, करडं-निळं. खाली शब्द असतो 'मुंबई'. चित्रात मात्र मुंबईचं काहीच नसतं. तोच पक्षी कच्छमधला किंवा केनियातला आहे असं कुणी सांगितलं, तरी आपण मान डोलावू.

हे चित्र सुंदर आहे यात वाद नाही. आमची तक्रार अशी आहे की ते अपुरं आहे, आणि कुठे अपुरं आहे ते देवनारच्या बाजूने पाहिलं की कळतं.

देवनारचं डम्पिंग ग्राउंड १९२७ सालापासूनचं. शंभरेक वर्षं शहर आपला कचरा तिथे आणून टाकतंय. त्याच परिसरात १९७१ सालापासूनचा कत्तलखाना आहे. कचऱ्याच्या डोंगरांवर घारी, कावळे, गायबगळे. डोंगरांच्या पायथ्याशी तिवरं. तिवरांच्या पलीकडे ओहोटीला उघडा पडणारा चिखल, आणि त्या चिखलावर रोहित. ऐरोली आणि वाशीच्या पुलांमधल्या पश्चिम काठाला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, सुमारे १६९० हेक्टर. २०२२ साली खाडी रामसर यादीत गेली. म्हणजे देशातलं एक जुनं, मोठं डम्पिंग आणि आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा हे एकमेकांचे शेजारी आहेत. आणि नुसते शेजारी नाहीत. लहान रोहित हा मुख्यतः सूक्ष्म शेवाळावर जगणारा पक्षी. या खाडीत शहराचं सांडपाणी येतं, त्यातल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ माजतं, आणि पक्ष्यांची संख्या वाढण्यामागे हे एक मोठं कारण असावं असं अभ्यासक मानतात. पंखांचा गुलाबी रंगसुद्धा त्याच खाण्यातून येतो. आता पुन्हा ते चित्र आठवा. ज्या घाणीला आपण मागे पुसट करून टाकलं, ती त्या पक्ष्याच्या रंगात आहे!

मग हे पुसणं होतं कसं? इथे यंत्राबद्दल थोडं बोलावं लागेल. निकॉनचा पी-९०० हा कॅमेरा २०१५ साली आला, ८३ पट झूमचा. २०१८ साली पी-१००० आला, १२५ पट. जाहिरातीत २००० मिलिमीटर, ३००० मिलिमीटर असे आकडे असतात. ते जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशेबाने सांगितलेले. पी-९०० च्या भिंगाची प्रत्यक्ष नाभीय लांबी जास्तीत जास्त ३५७ मिलिमीटर. सेन्सर नखाएवढा, सहा मिलिमीटरच्या आसपास रुंद, म्हणून दृश्याचा फार छोटा तुकडा पूर्ण चौकट भरतो. याची किंमत मोजावी लागते. उजेड कमी झाला की चित्रात दाणे येतात, ते लपवायला कॅमेरा आतल्या आत चित्र घोटतो, आणि पिसांचं जलरंगातलं फराट्याचं काम होऊन बसतं. दुपारी बारा वाजता चिखलावरची हवा तापून थरथरते, तेव्हा तीन हजार काय आणि पाच हजार काय, लांबचा पक्षी पाण्याखाली असल्यासारखाच दिसणार.

मोठ्या लेन्सवाले या कॅमेऱ्यांना हसतात. आम्हाला ते हसणं पटत नाही. सहाशे मिलिमीटरची मोठी लेन्स दहा लाखांच्या घरात जाते. लांब झूमचा कॅमेरा लाखाच्या आत येतो, खांद्यावर मावतो, लोकलमधून नेता येतो. घाटकोपर-मुलुंडच्या शिक्षकांनी, बँकेतल्या लोकांनी, कॉलेजच्या पोरांनी पक्षी टिपायला सुरुवात केली, त्यात या कॅमेऱ्याचा वाटा आहे. आणखी मागे गेलात तर एक काळ असा होता की पक्षी खात्रीने ओळखायचा म्हणजे तो बंदुकीने पाडून हातात घ्यायचा. सलीम अलींची सुरुवातही लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीपासून झाली. त्या तुलनेत, दोनशे मीटरवरून पायातल्या कड्यावरची अक्षरं वाचून गप्प घरी जाणारा माणूस सभ्यच म्हणायचा.

पण सभ्यता अंतरात असते, झूममध्ये नाही. झूम आहे म्हणून लांब थांबणारे असतात, आणि झूम असूनही आणखी पुढे सरकणारे असतात. मांडव्याच्या लाँचवर कुरव पक्ष्यांना वेफर्स फेकून डोक्यावर बोलावतात, पंख पसरलेलं चित्र मिळतं, आणि पाहणाऱ्याला वाटतं काय कौशल्य! होडी थव्यात घातली की रोहित उठतात, आकाश गुलाबी होतं, आणि बक्षीस त्याच चित्राला मिळण्याची शक्यता जास्त. शांतपणे चरणारा थवा आणि घाबरून उठलेला थवा यांतला दुसरा आपल्याला जास्त 'जिवंत' वाटतो, हा आपल्या डोळ्याचा दोष आहे. परीक्षकांच्याही.

आता दुसऱ्या बाजूला या. काही छायाचित्रकारांना पुसट पार्श्वभूमीचा कंटाळा आला, आणि त्यांनी शहर चौकटीत आणलं. पुढे रोहितांची रांग, मागे टॉवरांची भिंत, जणू बाल्कनीतून हात बाहेर काढला तर पक्षी लागेल. वर्तमानपत्रांना हे चित्र फार आवडतं. हे खरं आहे का? हिशेब करून बघू. पक्ष्याच्या मागे एक किलोमीटरवर इमारत आहे. पक्ष्यापासून वीस मीटरवर उभे राहिलात, तर इमारत तुमच्यापासून पक्ष्याच्या एक्कावन्न पट लांब. दोनशे मीटर मागे गेलात, तर फक्त सहा पट. पक्षी चौकटीत तेवढाच ठेवला, तर इमारत आधीपेक्षा साधारण आठपट मोठी दिसेल. भिंगाने जादू केलेली नाही, तुम्ही मागे गेलात एवढंच. पण पाहणाऱ्याला हे माहीत नसतं, आणि मधला एक किलोमीटर त्याच्यासाठी नाहीसा होतो. देवनारच्या बाबतीत त्या मधल्या भागातच सगळं आहे: तिवरं, चिखल, कचऱ्याचा उतार, आणि त्या उतारावर कचरा वेचणारी माणसं. सौम्या रॉय यांच्या 'माउंटन टेल्स' या २०२१ सालच्या पुस्तकात देवनारची ही माणसं भेटतात. घारींच्या चित्रांत ती क्वचितच भेटतात.

माणसं दाखवली की वन्यजीवाचं चित्र बिघडतं, असं कुणी म्हणेल. त्यांनी शौनक सेन यांचा 'ऑल दॅट ब्रीद्स' हा २०२२ सालचा माहितीपट पाहावा. दिल्लीतल्या घारी, त्यांच्यावर उपचार करणारे दोन भाऊ, आणि सुरुवातीलाच रात्रीच्या उकिरड्यावरून सावकाश सरकणारा, उंदरांच्या पातळीवर उतरलेला कॅमेरा. घार तिथे शहरापासून वेगळी काढलेली नाही, म्हणूनच ती लक्षात राहते. आपल्याकडे घारीचं चित्र म्हणजे निळ्या आकाशावर पसरलेले पंख. देवनारच्या घारीचं असं चित्र आम्हाला जवळजवळ खोटं वाटतं, कारण ती तिथे आहे ती खाली पडलेल्या आतड्यांमुळे.

२० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरच्या आकाशात उतरत्या विमानाला धडकून तीसहून अधिक रोहित मेले. त्यांची जी छायाचित्रं सगळीकडे पोहोचली ती हातभर अंतरावरची होती. झूमचा प्रश्नच नव्हता. गेल्या काही वर्षांत मुंबईच्या रोहितांबद्दल सर्वांत जास्त सांगणारी चित्रं आमच्या मते तीच. रस्ता, दिवे, तुटलेले गुलाबी पंख. जागा कुठली, वेळ कुठली, कारण काय, हे सगळं एकाच चौकटीत.

म्हणून आमची मागणी साधी आहे. चित्राखालची ओळ हा चित्राचा भाग माना. कुठून काढलं, किती वाजता, भरती होती की ओहोटी, पक्षी चरत होता की उठवला होता, खायला घातलं होतं का, किती कातरलं. वेळ आणि तारीख तर कॅमेरा स्वतःच नोंदवतो. घरट्याची जागा मात्र सांगू नये, आणि घरट्याचं चित्र शक्यतो काढूच नये. तिथे माहिती लपवणं हाच शहाणपणा. बाकी ठिकाणी हे तपशील असले की सामान्य चित्रालाही वजन येतं. २०२३ सालचा 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल सुमारे तीस हजार पक्षिनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर उभा आहे. हौशी माणसाच्या नोंदीचा उपयोग काय, असं आता कुणी विचारू नये.

आणि देवनारच्या बाबतीत घाई आहे. तिथल्या १२४ एकरांवर धारावीच्या पुनर्वसनाची घरं बांधायची असं २०२४ साली ठरलं. साचलेला सुमारे १८५ लाख टन कचरा हटवण्यासाठी पालिकेने २०२५ साली निविदा काढल्या. कचरा जावा, याबद्दल दुमत नको. २०१६ च्या जानेवारीत तिथे आग लागली तेव्हा धूर नासाच्या उपग्रहांनाही दिसला. खाली गोवंडीत तो छातीत जात होता. पण डोंगर हलले की घारी कुठे जातील, गायबगळे किती उरतील, शेजारच्या चिखलात काय बदलेल, हे तपासायला आधीचं चित्र हातात लागेल. आधीचं म्हणजे आत्ताचं. गुळगुळीत पार्श्वभूमीवरची हजार चित्रं या कामाला निरुपयोगी आहेत. झूम मागे घेऊन काढलेलं एखादं चित्र लागेल, ज्यात तिरकं ऊन आहे, बगळे जरा अस्पष्ट आहेत, डम्परच्या मागच्या पाटीवरचा नंबर वाचता येतो, आणि कोपऱ्यात खाडीची एक पट्टी दिसते. अशी चित्रं तुमच्यापैकी काहींच्या कार्डात असतील, डिलीट करायच्या यादीत. प्रश्नोत्तरांत आधी त्यांच्याबद्दल बोलू, कॅमेऱ्यांचं मग.