हलगीचा नाद आणि सदोषतेचा निकष

चंद्रशेखर वेंकट रामन व कुमार यांनी १९२० साली ‘नेचर’ या नियतकालिकात मृदंग-तबल्याच्या नादाविषयी जे टिपण प्रसिद्ध केले, त्याचे महत्त्व निर्विवाद आहे. साध्या ताणलेल्या पडद्याचे उपस्वर मूलस्वराच्या १.५९, २.१४, २.३०, २.६५ पट अशा विषम प्रमाणात असतात. शाईच्या थरामुळे ते १, २, ३, ४, ५ अशा संवादी क्रमाने येतात. १९३४ च्या प्रबंधात रामन यांनी हाच विचार सविस्तर मांडला. परंतु या विवेचनाच्या मुळाशी एक गृहीतक आहे, ते असे की, विसंवादी उपस्वर हा आघातवाद्याचा दोष होय. ते तपासून पाहणे अगत्याचे आहे.

हलगीला शाई नाही, बंद कोठा नाही. कड्यावर ताणलेले कातडे एवढीच तिची रचना. वरील निकषाने ती सदोषच ठरेल. तथापि वादक ती आधी विस्तवावर शेकतो. ओल उडून कातडे ताणले जाते व नाद चढतो. त्याच्या एका हाती जाड टिपरू असते, दुसऱ्या हाती बारीक काडी. हलक्या काडीचा स्पर्श अल्पकाळ टिकतो, म्हणून वरचे उपस्वर अधिक उठतात. टिपरूने खालचे बळावतात. नेमक्या मध्यावरील आघाताने १, २.३०, ३.६० हीच मालिका उमटते; काठाकडे सरकताच इतर उपस्वर तीत मिसळतात. अर्थात् विसंवादी उपस्वर हेच येथे वादकाचे भांडवल होय.

तबल्याला बैठकीत गायकाच्या षड्जाशी जुळावयाचे असते. उलट वेल्हे भागातील पासलीसारख्या डोंगराळ गावी मिरवणूक निघाली, तर वाद्याने उघड्यावर लय स्पष्ट पोचवावी, एवढीच अपेक्षा असते. त्या कार्याला स्थिर स्वरापेक्षा तीक्ष्ण आघात उपकारक ठरतो.

हा वाद केवळ परिभाषेचा नव्हे. हलगी ज्यांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या राहिली, त्यांना गावगाड्यात मानाचे स्थान नव्हते. तिच्या नादाला ‘गोंगाट’ म्हणणाऱ्या जुन्या तुच्छतेला ‘सदोष’ या शब्दाने शास्त्राचा आधार मिळण्याचा धोका आहे. रामन यांचे गणित अबाधित आहे; पण दोष ठरविणारा निर्णय त्या गणितातून निघत नाही. उपस्वर कोणते, हे ध्वनिशास्त्र सांगते. ते कशासाठी हवेत, हे वाद्याच्या कार्यावरूनच ठरविले पाहिजे.